जुनी जिप्सी घेतलीत? आधी ती होती तशी करा

भाच्याने गेल्या दिवाळीत १९९८ ची जिप्सी किंग घेतली. मालवणकडची गाडी, आधीच्या मालकाने हौसेने सांभाळलेली. कराडला माझ्या अंगणात ती उभी करून तो खाली उतरला, तेव्हा त्याच्या फोनमध्ये खरेदीची यादी तयार होती. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), मोठे टायर, दोन इंच लिफ्ट (गाडी उंच करणं), टपावर लाइटची पट्टी, पुढे लोखंडी बंपर. म्हणाला, "मामा, कुठून सुरुवात करू?"

मी विचारलं, येताना स्टिअरिंग कसं होतं?

"साठच्या पुढे जरा नाचतं. पण जिप्सी म्हटलं की तेवढं चालायचंच ना?"

नाही चालायचं. आणि ते का नाचतं हे शोधता शोधता अख्खी गाडी समजते, म्हणून नव्या मालकांसाठी तिथूनच सांगतो. पण आधी हे यंत्र मुळात काय आहे ते दोन मिनिटांत बघू.

जिप्सी म्हणजे जपानी सुझुकी एसजे-४१० ची लांब बांध्याची बहीण. मारुतीने ती १९८५ च्या डिसेंबरात आणली, ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर घेऊन. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर वाढवलं, कारण आधीची वळणावर फारच झुकायची. १९९६ मध्ये १२९८ सीसीचं इंजिन आणि पाच गिअरवाली किंग आली. २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इंधन फवारणारी यंत्रणा, आली आणि ताकद ६० वरून ८० अश्वशक्तीवर गेली. २०१८-१९ पर्यंत ती बनत राहिली, आणि शेवटपर्यंत तिला ना पॉवर स्टिअरिंग मिळालं ना एसी. तरी लष्कराने ती वापरली, पोलिसांनी वापरली, आणि ताडोबात तर सफारीच्या गाडीला लोक सरसकट जिप्सीच म्हणतात.

तिच्या पोटाखाली टॉर्च घेऊन झोपलात तर सगळं उघड्यावर दिसतं. शिडीसारखी चासी. पुढे एक आणि मागे एक असे दोन अखंड ॲक्सल, चारही कोपऱ्यांत पाट्यांवर (लीफ स्प्रिंगांवर) बसवलेले. बैलगाडीच्या आसासारखंच, एक चाक धोंड्यावर चढलं की दुसऱ्यालाही ते कळतं. इंजिनामागे गिअरबॉक्स. त्यातून एक आखूड शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, मागे जातो तो ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यात. हा डबा जिप्सीत गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, स्वतःच्या रबरी माउंटिंगवर वेगळा लटकलेला असतो. तिथून एक शाफ्ट पुढच्या ॲक्सलला आणि एक मागच्या.

ॲक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो तो डिफरन्शियल. त्याचं काम ज्यांनी खळ्यावरची मळणी पाहिली आहे त्यांना लगेच कळेल. तिवड्याजवळचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा, बैल जवळजवळ जागच्या जागी फिरतो, आणि कडेच्या बैलाला पळावं लागतं. गाडी वळताना आतलं आणि बाहेरचं चाक असंच वेगवेगळं अंतर कापतं, आणि डिफरन्शियल ती मुभा देतो. पण पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल यांच्यामध्ये अशी मुभा देणारं जिप्सीत काहीच नाही. फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीत, टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. चिखलात हा फरक चाकं घसरून भरून निघतो. डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि दातांमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, आणि टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) परत यायला बघितलं तर लिव्हर निघत नाही. नवे मालक इथे लिव्हरवर पाय देऊन दाबतात. तसं करू नका. गाडी चार-पाच हात सरळ मागे घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर अलगद येते. कोरड्या डांबरावर फोर-हाय टाकायचंच नाही, हा त्यातला खरा धडा.

फोर-लो म्हणजे त्याच डब्यातली आणखी एक उतरण. किंगमध्ये हायचं प्रमाण १.४०९ आणि लोचं २.२६८. म्हणजे लोमध्ये चाकापाशी सुमारे १.६ पट जोर मिळतो आणि वेग तेवढाच कमी होतो. चढापेक्षा उतारावर मला त्याचा उपयोग जास्त वाटतो. पहिला गिअर, लो, पाय ब्रेकवरून बाजूला, आणि इंजिनच गाडी धरून ठेवतं.

पुढच्या चाकांच्या मध्यभागी फिरवायची चकती असेल, तर ते लॉकिंग हब. 'फ्री' केलं की चाक पुढच्या ॲक्सलपासून सुटतं आणि शाफ्ट उगीच फिरत नाही. 'लॉक' केल्याशिवाय पुढच्या चाकांना ताकद पोचत नाही, मग आत बसून लिव्हर कितीही ओढा. गाडी विकत घेतानाच याची परीक्षा होते. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक जॅकने उचला, गाडी टू-हायमध्ये ठेवा. हब फ्री असताना चाक एकटंच फिरलं पाहिजे. दोन्ही हब लॉक केल्यावर चाकाबरोबर पुढचा शाफ्टही फिरला पाहिजे. आता फोर-हाय टाका आणि गाडी गिअरमध्ये ठेवा, चाक अडलं पाहिजे. भाच्याच्या गाडीचं डावं हब गंजून 'फ्री'मध्येच बसलं होतं. आधीच्या मालकाने किती वर्षं ती फक्त मागच्या चाकांवर चालवली, देव जाणे.

आता नाचणाऱ्या स्टिअरिंगकडे.

जिप्सीचं पुढचं चाक ज्यावर वळतं, तिथे ॲक्सलच्या टोकाला लोखंडी गोळा आहे. त्याच्यावर वाटीसारखं नकल बसतं, आणि ते वर एक, खाली एक अशा दोन किंगपिनांवर फिरतं. प्रत्येक किंगपिनला निमुळतं रोलर बेअरिंग. ही बेअरिंगं नेमक्या दाबाने बसलेली असतात, आणि तो दाब शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून-काढून जमवतात. बेअरिंग झिजलं की तो दाब जातो, आणि ठरावीक वेगाला एखादा खड्डा लागला की चाक डावी-उजवीकडे फडफडायला लागतं. मग स्टिअरिंग हातातून सुटेल की काय असं वाटतं.

बहुतेक ठिकाणी यावर काय करतात? नवा स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे हादरे शोषणारा दांडा, टाकतात. नाचणं थांबतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि पाच-सहा महिन्यांनी पुन्हा तेच. डॅम्पर म्हणजे खोकल्यावरचं औषध, छातीत काय आहे ते त्याला माहीत नसतं. आमच्या भाच्याच्या गाडीवरही डॅम्पर कोरा होता, आणि बेअरिंगच्या रोलरांनी बाहेरच्या कड्यात खळगे पाडलेले होते.

याच नकलच्या आत चाकाला ताकद देणारा सांधा असतो, तो ग्रीसमध्ये बुडालेला. डिफरन्शियलमधलं ऑइल तिथे येऊ नये म्हणून ॲक्सलच्या नळीत एक सील असतं. ते गेलं की ऑइल ग्रीसमध्ये मिसळतं, आणि काळी पातळ राबडी गोळ्यावरून चाकाच्या आतल्या बाजूला ओघळते. जुन्या जिप्सीत हे इतकं सर्रास दिसतं की लोक ते तिचं घाम येणं समजतात. तिकडे डिफरन्शियलमधलं ऑइल कमी होत असतं, आणि हळूहळू ब्रेकपर्यंतही पोचतं. म्हणून नकल एकदा उघडलंच, तर किंगपिनची बेअरिंगं, आतलं सील, गोळ्यावरचं फेल्ट आणि रबराचं सील, आणि चाकाची बेअरिंगं हे सगळं एकाच बैठकीत करा. सामान त्यामानाने स्वस्त पडतं, पैसा खातं ते उघडणं-बसवणं. हे काम दोनदा करणं म्हणजे एकाच लग्नाचं जेवण दोनदा घालणं.

त्यानंतर ऑइलं. इंजिन ऑइल सगळेच बदलतात. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन डिफरन्शियल या चार जागांचं ऑइल मात्र कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं तसंच असतं. एक साधी सवय लावून घ्या: आधी भरायचं बूच उघडायचं, मगच खालचं सोडायचं. वरचं बूच गंजून बसलेलं असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून मोकळे झालात, तर गाडी आहे तिथेच राहील. डिफरन्शियलच्या तिरक्या दातांना जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) रिंगा पितळी असतात, तिथे मॅन्युअलमध्ये सांगितलेलं जीएल-४ च घाला. 'पाच चारापेक्षा मोठं, म्हणजे चांगलं' हा हिशोब इथे लागू नाही.

निघालेलं ऑइल फेकू नका, आधी बघा. आमच्या मागच्या डिफरन्शियलमधून निघालं ते चहासारखं दुधाळ. म्हणजे पाणी. ते आत कसं गेलं? ओढ्यात कुणी गाडी बुडवली होती एवढ्यानेच नव्हे, भौतिकशास्त्रामुळे. तासभर चालून ॲक्सल तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. तो एकदम गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ॲक्सल बाहेरून श्वास ओढतो. ओढायची जागा म्हणजे ॲक्सलवरची इवलीशी ब्रीदर नळी, आणि ती चिखलाने बुजलेली असली तर सीलच्या कडा. पाण्याखाली ओढलं तर हवा नाही, पाणीच आत जाणार. उपाय इतका साधा आहे की सांगायला संकोच वाटतो. दोन्ही ॲक्सल आणि ट्रान्स्फर केसच्या ब्रीदरला लांब रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली किंवा बॉडीच्या वरच्या भागात नेऊन बांधायची. मला विचाराल तर जिप्सीवर करता येण्यासारखी सगळ्यांत भारी सुधारणा हीच, आणि तिचा खर्च चांगल्या हॉटेलातल्या दोन थाळ्यांएवढा.

पाटे बघताना पानं मोजण्यापेक्षा बुश बघा. डोळ्यातलं रबर चुरगाळलं असेल, पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या शॅकलच्या भोकात लोखंड लोखंडावर घासत असेल, तर गाडी खडखडते आणि वळणावर ॲक्सल थोडा थोडा सरकतो. लोकांना वाटतं सस्पेन्शन गेलं. गेलेलं असतं ते मूठभर रबर. ट्रान्स्फर केसपासून ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, हाताने पिळून बघा, कटकट आली की बदला. निप्पल असतील तिथे ग्रीस मारा, आणि पाण्यातून गाडी काढली असेल तर घरी आल्यावर पुन्हा मारा. ट्रान्स्फर केसची रबरी माउंटिंग फाटलेली असतील तर गाडी जागेवरून निघताना खालून धक्का बसतो. तो क्लचचा समजून क्लच बदललेले लोक मला माहीत आहेत.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही, कारण हे इंजिन चिवट आहे आणि ते कळणारे मेस्त्री गावोगाव आहेत. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजा. रेडिएटर साफ, होज नवे. एक नवी गोष्ट मात्र ध्यानात घ्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि १९९८ ची रबरं ते डोळ्यांसमोर ठेवून केलेली नव्हती. इंधनाचे होज, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधली पॅकिंगं फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. इथेनॉल ओलावाही धरतं. वर्षातून दोनदा बाहेर पडणाऱ्या गाडीत पेट्रोल महिनोन्महिने साठवून ठेवू नका, आणि सगळे होज इथेनॉलला टिकणारे घाला. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी त्याच क्षणी बंद.

किनाऱ्यावरच्या गाडीचा खरा शत्रू गंज. पेंट चकचकीत असेल तर जास्त संशय घ्या. लांबी (पुट्टी) भरून रंगवलेला पत्रा लोहचुंबक धरत नाही, म्हणून खिशात एक चुंबक असू द्या. पायाखालच्या मॅट उचलून फरशी बघा, मागच्या चाकांच्या वरचे पत्रे, काचेच्या चौकटीचा खालचा काठ, आणि मुख्य म्हणजे चासीवर पाट्याचे हँगर जिथे जोडलेले असतात त्या जागा. बॉडीचा पत्रा कापून बदलता येतो. चासी सडली असेल तर हात जोडून परत फिरा.

हे सगळं व्हायला आम्हाला तीन महिने लागले. मग भाच्याने पुन्हा फोन काढला. "आता टायर?"

आता टायर. पण गणित करून. किंगच्या टायरचं मूळचं माप २०५/७० आर १५. त्याचा व्यास निघतो ६६८ मिलिमीटर. भाच्याला हवा होता २३५/७५ आर १५, व्यास साधारण ७३४. म्हणजे जवळपास १० टक्के मोठा. गाडी उंच होते निम्म्यानेच, सुमारे ३३ मिलिमीटरने. पण प्रत्येक गिअर १० टक्क्यांनी 'लांब' होतो, म्हणजे ६० अश्वशक्तीचं कार्ब्युरेटर इंजिन घाटात तिसऱ्याऐवजी दुसऱ्यात घुसमटणार. स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी खरी ८८ ने पळणार. तेवढंच थांबायला ब्रेक जास्त दाबावा लागणार. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे उभ्या गाडीत ते वळवताना खांदे भरून येणार. टायर वळताना पाट्याला किंवा पत्र्याला घासतो, म्हणून लिफ्ट आली. लिफ्ट केली की प्रॉपेलर शाफ्टचे कोन वाढतात आणि क्रॉस लवकर जातात, पुढच्या ॲक्सलचा कल बदलला तर स्टिअरिंग सरळ धरत नाही, ब्रेकचे होज ताणले जातात. एक टायर बदलायला गेलात आणि पाच कामं मागे लागली.

शेवटी २१५/७५ आर १५ घेतले. व्यास साडेपाच टक्क्यांच्या आत वाढतो, किंगवर लिफ्टशिवाय बसतात, आणि चिखलात पकड चांगली मिळते. शिवाय वाळूत किंवा राडीत हवा अठरा पीएसआयच्या आसपास उतरवली की टायर पसरतो आणि पकड आणखी वाढते. परत रस्त्यावर आलं की हवा भरायची, म्हणून विंचच्या पैशात एक लहान कंप्रेसर आला. विंच मी नाकारलं नाही, पुढे ढकललं. ज्याला अजून चाकाखालचा रस्ता वाचता येत नाही त्याने विंच घेतलं की तो जास्त खोल जाऊन अडकतो, एवढंच माझं म्हणणं. ओढायचा पट्टा, तो अडकवायचे दोन शॅकल (लोखंडी कड्या) आणि एक फावडं सध्या पुरे. हे शॅकल अडकवायचे ते चासीला बोल्ट केलेल्या हुकात, बंपरच्या पत्र्यात नव्हे.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. लोखंडी बंपरवर २०१७ च्या डिसेंबरातच केंद्राने बंदी घातली होती, म्हणून यादीतली ती नोंद मी स्वतःच खोडली. कार्ब्युरेटरवाल्या किंगमध्ये एस्टीमचं एमपीएफआय इंजिन बसतं, ते एकाच घराण्यातलं आहे, पण आधी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या इंजिनाचा नंबर हवा. नाहीतर अपघाताच्या दिवशी विमा कंपनी तो नंबर वाचेलच.

कागद घेताना नोंदणीची मुदत नक्की बघा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १९९८ ची गाडी म्हणजे २०१३, २०१८, २०२३ असे टप्पे, आणि मधला एखादा चुकलेला असेल तर तो दंडासकट तुमच्या गळ्यात. लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर लिलावाचा मूळ कागद आणि त्यावरून झालेली नागरी नोंदणी, दोन्ही हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. विंटेज नोंदणीचं स्वप्न कुणी दाखवलं तर हसून सोडा. त्याला ५० वर्षं लागतात, आणि सगळ्यांत जुनी जिप्सीही २०३५ च्या आधी तिथे पोचत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलो. साठच्या पुढे गेलो, सत्तरच्या पुढे गेलो, स्टिअरिंग गप्प. भाचा काही बोलला नाही, एक हात मात्र स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवला. परत आल्यावर मी त्याला पुन्हा गाडीखाली पाठवलं. नवीन पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर सैल पडतात, ते पुन्हा आवळायचे होते. आणि मागच्या डिफरन्शियलचं नवं ऑइल सोडून बघायचं होतं, पुन्हा दुधाळ झालंय का.